खोंडाचा पुठ्ठा आणि चौदा इंची पडदा

मामांच्या खोंडाचा मागचा अर्धा भाग मी पडद्याबाहेर ठेवला. मुद्दाम नव्हे. पण ठेवला, आणि आठवडाभर मला त्याचा पत्ताही नव्हता.

दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली होती. शिरूरला मी कॉम्प्युटर क्लास चालवायचो आणि उरलेल्या वेळात 'वेबसाइट बनवतो' असं सांगत फिरायचो. फिरायचो हे खरं. बनवली एकच होती, माझ्याच क्लासची, आणि तिच्यावर गरगर फिरणारं एक गुलाबाचं फूल होतं. ते फूल बघायला कुणी आलं नाही.

त्या साली न्हावऱ्याच्या मामांचे गुडघे पार गेले. गोठ्यात खिलार खोंड होता, चार दाती म्हणजे ऐन उमेदीतला, पांढराशुभ्र, अंगानं लांबलचक आणि डोक्यानं तापट. त्याला पाण्यावर नेता-आणताना मामा दोनदा पडले. विकणं भाग होतं; पण बाजारात न्यायला ते तयार नव्हते.

"बाजारात दावं एकदा दुसऱ्याच्या हातात गेलं की जनावर कुठं गेलं ते कळत न्हाई. माहितीतलं घर पायजे. कवा वाटलं तवा जाऊन बघता आलं पायजे."

माहितीतलं घर म्हणजे दौंडकडचे, भीमाकाठचे आप्पा. मामांचे जुने स्नेही आणि जनावराचे असे पारखी की त्यांनी मान हलवली की दहाजण मान हलवायचे. पण आप्पा पाय मोडून दौंडात लेकीच्या घरी पडले होते. पाय प्लास्टरमध्ये, न्हावऱ्याला येणं शक्य नव्हतं. इकडं एक व्यापारी मात्र एक दिवसाआड गोठ्यात डोकावायला लागला. तो खोंड पुढं कसायाकडं धाडणार, हे मामांना कुणी सांगायची गरज नव्हती.

इथं मी तोंड उघडलं.

"मामा, आप्पांनी यायची गरजच नाही. मी फोटो नेटवर टाकतो. लेकीच्या घराजवळ नेट कॅफे आहे, तिथं बसून बघतील."

"फोटू पोस्टानं न्हाई का धाडता यायचा?" मामा म्हणाले.

सगळ्या प्रकरणात निघालेली एवढी एकच शहाणी सूचना. मी हसलो.

फोटो मी ऐटीत काढून घेतला. खोंड आडवा उभा, तोंड डावीकडं, शेपूट उजवीकडं, मागं लिंबाचं झाड. स्कॅन केला, चढवला. माझ्या क्लासमध्ये सतरा इंची मॉनिटर होता, हप्त्यानं घेतलेला नवा. त्यावर खोंड असा उभा राहिला की मीच दोन पावलं मागं सरलो.

आठवड्यानं मामांनी निरोप धाडून बोलावून घेतलं. आप्पांचा फोन येऊन गेला होता.

"आप्पा इचारत्यात, मागचा पुठ्ठा का झाकला? मागच्या पायात काय हाय?" मामांचा आवाज खाली गेला होता. "आरं, इतक्या वर्सांत त्या माणसानं माझ्या जनावराबद्दल असं इचारलं न्हवतं."

मी एसटी धरली. चौफुल्याला उतरायचं, दुसरी गाडी बघायची, ती येईपर्यंत उसाच्या ट्रॅक्टरांची धूळ खायची. दौंडच्या कॅफेत चौदा इंची मॉनिटर होते, जुने, काचा पिवळट पडलेले. पान उघडलं. शिंगं आली, तोंड आलं, वशिंड आलं, निम्मं पोट आलं, आणि तिथं पडदा संपला. माझा फोटो त्या पडद्याच्या जवळजवळ दीडपट रुंद होता. खाली एक राखाडी पट्टी होती, ती सरकवली की उरलेला खोंड दिसत होता. पण आप्पा ती पट्टी कशाला सरकवतील? जनावर बघायचं तर ते मागून सुरू करायचं, हा त्यांचा शिरस्ता. आणि विकणाऱ्यानं जनावर भिंतीला लावून उभं केलं, तर खोट भिंतीच्या बाजूला असते, हे त्यांना आयुष्यभराच्या व्यवहारानं शिकवलेलं. इथं तर मी अर्धं जनावरच भिंतीत घातलं होतं.

शिरूरला परत आलो तो अंगाची नुसती घडी झालेली. फोटोच्या रुंदीचा आकडा कमी केला. क्लासची वेळ झाली होती, म्हणून पुन्हा उघडून बघितलं नाही. उंचीचा आकडा मी तसाच ठेवला होता.

या वेळी आप्पांनी मामांना मध्ये घेतलंच नाही. थेट क्लासमध्ये फोन.

"पाव्हणं, एक इचारू का? खोंड इकायचाय का बोकड?"

मी पान उघडलं. दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखं एक उंच, आखूड, काटक्या पायांचं जनावर माझ्याकडं बघत होतं. ज्या लांबीचं मामांना कौतुक, ती लांबीच मी खाऊन टाकली होती.

"आप्पा, ती चूक माझी आहे, खोंडाची नाही."

"तसं मला बी वाटलं. पण फोटूत खोंड हाय, तुम्ही न्हाई."

दुरुस्त केलं. उंची काढून टाकली आणि पडद्याच्या रुंदीत बसेल तेवढंच दाखव, असं पानाला सांगितलं. आता समक्ष दाखवावं म्हणून पुन्हा एसटी, पुन्हा चौफुला. आप्पा जावयाच्या स्कूटरवर मागं बसून कॅफेत आले, प्लास्टरचा पाय प्लास्टिकच्या स्टुलावर ठेवला आणि पडद्याकडं तोंड करून बसले. मी बटण दाबलं.

आधी आभाळ आलं. मग थोडं आणखी आभाळ. मग लिंबाचा शेंडा. फोटो लहान दिसत होता. पण फाइल तीच, आधीचीच, अवजड. पोतं घडी घालून छोट्या पिशवीत कोंबलं म्हणून वजन थोडंच उतरतं? टेलिफोनच्या तारेतून ते वजन ओळी-ओळीनं येत होतं. फांद्या आल्या, पानं आली. शिंगांची टोकं दिसायला लागली आणि लाइन तुटली. पुन्हा लावली. पुन्हा आभाळ.

आप्पांनी अर्धा तास शांतपणे बघितलं.

"झाड झ्याक हाय," म्हणाले. "त्येचा भाव ठरलाय का?"

परतताना न्हावऱ्याला उतरलो. मामा गोठ्याच्या उंबऱ्यावर बसले होते. व्यापारी सकाळी आला होता, स्वतःचं दावं सोबत घेऊनच.

"चार दिस थांब म्हणलं त्याला," मामा म्हणाले. "पाचव्या दिशी काय सांगू, ते तूच सांग."

मी गोठ्यात बघितलं. खोंड वैरण खात होता. सगळाच्या सगळा दिसत होता.

पुढचे तीन दिवस मी त्या एका फोटोपायी घातले. क्लासच्या पोरींनी टायपिंगची चूक विचारली तरी मी खेकसायचो. एकाच फोटोचे तीन वेगळे फोटो केले, मोठा, मधला आणि लहान, आणि तिन्हींचं वजन उतरवलं. पान उघडलं की ते आधी पडद्याला विचारणार, बाबा तुझी रुंदी किती, आणि त्याच्या मापाचा फोटो देणार. माझ्याच मॉनिटरची सेटिंग बदलली असती तर दौंडचा पडदा मला शिरूरमध्ये बसून दिसला असता, हे मला याच तीन दिवसांत सुचलं. दोन वाऱ्या करून झाल्यावर.

तरीही चौथ्या दिवशी सकाळी तिसरी वारी केलीच. आता कशावरच विश्वास उरला नव्हता. कॅफेत पान उघडलं आणि दहा मोजायच्या आत खोंड आला. शिंगांपासून शेपटीच्या गोंड्यापर्यंत, त्या पिवळट चौदा इंची काचेवर, जसाच्या तसा. मागचे दोन्ही पाय, भरलेला पुठ्ठा, सगळं. मी धावतच आप्पांच्या लेकीच्या घरी गेलो.

लेक दारात धुणं पिळत होती. "आप्पा व्हय? काल प्लास्टर काढलं. सकाळीच जीप करून न्हावऱ्याला गेलं. म्हणलं, किती वाट बघायची."

पुन्हा एसटी. या वेळी बसायलाही मिळालं नाही. चौफुल्याला भजी घेतली, ती हातातच गार झाली.

गोठ्यात पोचलो तर आप्पा काठी टेकत खोंडाच्या मागं उभे होते. मामा बाजेवर, पुढं झुकून बसलेले. आप्पांनी पुठ्ठ्यावर हात फिरवला, वाकून मागचे खूर बघितले, दहा पावलं चालवून आणायला लावलं. मग मामांकडं वळून म्हणाले, "न्हेतो. आन् पुढल्या म्हयन्यात तुम्ही बघायला यायचं, सांगून ठिवतो."

मामा बाजेवर जरा मागं रेलले. मामांना टेकून बसलेलं मी कितीतरी दिवसांनी बघत होतो.

मला मात्र राहवलं नाही. "आप्पा, फोटो आता नीट येतोय बरं का. कुठल्याही पडद्यावर. पूर्ण."

आप्पांनी दाव्याची गाठ सोडता सोडता माझ्याकडं बघितलं.

"त्यो आजच्या आज काढून टाका, पाव्हणं. न्हाईतर लोक म्हणत्याल, आप्पानं फोटू बघून खोंड घेतला."