दारातल्या दोन घागरी

काझीसाहेबांना अद्दल घडवायची, असं मी ज्या दुपारी ठरवलं ती मला लख्ख आठवते.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. उस्मानाबादहून फायली पोत्यांत भरून येत होत्या आणि दोन माणसांत एक खुर्ची होती. मी हदगावची, नोकरीत नवी. टंचाई शाखेत काझीसाहेब माझे अव्वल कारकून. पाऊस दडी मारून बसलेला. माझ्या गल्लीत टँकर यायचा तो नेमका जेवणाची सुट्टी संपताना, म्हणून मी अर्ध्या तासाची सवलत मागितली. त्यांनी सगळ्यांदेखत आवाज चढवला.

"हापिस हाय का पाणवठा? तुला सोडलं की उद्या समदेच जातील. बस जाग्यावर."

कोपऱ्यात कुणीतरी हसलं. गावोगावी टँकर धाडायचे कागद मी लिहायचे आणि माझ्याच घरी प्यायला पाणी नाही. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

दुसऱ्या दिवशी घरी गेले तर दारातल्या दोन्ही घागरी भरलेल्या. घरमालकिणीला दया आली असावी. ती फटकळ, आभार मानले तरी खेकसेल, म्हणून मी विषय काढला नाही. मग रोजच घागरी भरलेल्या मिळू लागल्या.

राग मात्र उतरला नाही. कागदात चूक दिसली की काझीसाहेब म्हणत, "डोळे घरी ठिवून आलीस का?" दमले म्हटलं तर, "सरकार दमत न्हाई." मी त्यांच्यावर पाळत ठेवली आणि वर्म सापडलं. सगळ्यांना घड्याळ दाखवणारा हा माणूस जेवणाच्या सुट्टीनंतर रोज अर्धा तास उशिरा, घामाघूम होऊन येत होता. मी वरच्या अधिकाऱ्यांना निनावी अर्ज लिहिला. तो पेटीत टाकताना जो आनंद झाला तो पहिल्या पगारालाही झाला नव्हता.

चौकशी झाली. "उशीर होतो, हे खरं हाय," एवढंच ते म्हणाले. उदगीरला बदली झाली. मी पेढे वाटायचीच बाकी होते.

त्यांनी कचेरी सोडली त्याच्या दुसऱ्या दिवशी घागरी रिकाम्या होत्या. मी मालकिणीला विचारलं.

"मी कशापायी भरू माय? तुमचे काझीसाहेब यायचे की सायकलवर. रांगेत हुभं राहून भरायचे. पोरीला सांगू नका म्हनले."

रविवारी ते उदगीरला निघाले तेव्हा मी त्यांना स्टँडवर गाठलं. ते गाडीत बसले होते. खिडकीखालूनच मी म्हणाले, "अर्ज मी लिहिला होता."

"ठाऊक हाय. चौकशीत माझ्याच म्होरं ठिवला व्हता. तुझं अक्षर मी वळखणार न्हाई का?"

"मग खरं कारण का नाही सांगितलं?"

"काय सांगू? शाखेतल्या पोरीच्या दारात जात व्हतो म्हणून? लोकायनी तुझंच नाव घेतलं असतं, बेटी."

मी म्हटलं, "मला शिव्या द्या. इथंच, चार लोकांत द्या. फिटंफाट होऊ द्या."

कंडक्टरने घंटी दिली. काझीसाहेब खिडकीतून वाकले.

"उद्यापासून माझा मेव्हणा येईल पाणी भरायला. घागरी बाहीर ठिवत जा."

गाडी गेली. चार शिव्या घातल्या असत्या तर मी सुटले असते. दुसऱ्या दिवशी त्यांचा मेव्हणा आला, आणि ते पाणी मला प्यावं लागलं.