केर्तूने मिळवून दिलेला निधी

प्राध्यापकांना संशोधनासाठी पैसे शोधून द्यायचे, हे केर्तू अलासारेलाचं काम. उत्तर फिनलंडमधल्या एका विद्यापीठात तिची उमेदीची वर्षं यातच गेली. कुठली संस्था कशाला पैसे देते, कुठल्या परीक्षकापुढे कुठला शब्द चालतो, सगळं तिला तोंडपाठ. तिच्या खोलीत लोक रडून गेले होते, आणि निधी मिळाल्यावर केक घेऊनही आले होते. केकवाले कमी.

प्राध्यापक योउको वाराला हा तिच्याकडे दर हिवाळ्यात यायचा. सार्की नदीतल्या मोत्याच्या शिंपल्यांवर त्याचं काम. शंभर-दीडशे वर्षं जगणारा हा जीव, पण त्याच्या अभ्यासाला दोन वर्षांच्या वर कुणी पैसे देत नसे. त्या साली तर सगळीकडून नकार आला. त्याची एकुलती एक सहायक, रीका, गरोदर होती, आणि तिची नेमणूक वसंतात संपणार होती.

"तिला काय सांगू, केर्तू? पोटातल्याला थांबायला सांग म्हणू?"

"एक जागा आहे," केर्तू म्हणाली. "पण तू माझ्यावर ओरडशील."

जागा म्हणजे सार्कीच्या वरच्या अंगाला नव्याने सुरू झालेली खाण. निसर्गाच्या अभ्यासासाठी कंपनी चार वर्षांचे पैसे द्यायला तयार होती.

योउको ओरडला नाही. हसला. "त्यांचं सांडपाणी जिथे येतं, तिथेच माझे शिंपले आहेत. तोंड बंद करायला देतायत."

"मग नको ना बंद करूस. पैसे घे, मोज, आणि दिसेल ते लिही."

कराराच्या मसुद्यात एका कलमावर त्याने बोट ठेवलं. कंपनीच्या संमतीशिवाय निष्कर्ष जाहीर करायचे नाहीत. "हे काय?"

"असतं रे सगळ्यांच्या करारात. तीन-चार महिने थांबावं लागतं, एवढंच."

इतर करारांत मुदत लिहिलेली असायची. इथे नव्हती. हे केर्तूच्या लक्षात आलं होतं, पण सही दुसऱ्या दिवशी व्हायची होती. वकिलांकडे कागद पाठवला असता तर निधी दुसऱ्याकडे गेला असता. योउकोचा तिच्यावर विश्वास होता. त्याने सही केली.

तिसऱ्या उन्हाळ्यात शिंपले मरायला लागले. योउकोने अहवाल दिला. कंपनी म्हणाली, तपासून कळवतो. पानगळ गेली, नदी गोठली, कळवलं काही नाही. केर्तू अधिष्ठात्यांकडे गेली. ते कंपनीच्याच मदतीने नवी प्रयोगशाळा बांधायच्या खटपटीत होते.

"करार तुम्हीच तपासलात ना, केर्तू?" एवढंच ते म्हणाले.

बर्फ वितळल्यावर ती रीकाबरोबर नदीवर गेली. इतकी वर्षं शिंपल्यांसाठी पैसे मागितले, पण जिवंत शिंपला तिने कधी पाहिला नव्हता. कमरेपर्यंतचे रबरी बूट घालून ती पाण्यात उतरली. रीकाने काचेच्या तळाची बादली पाण्यावर धरली. "वाका. आता बघा."

तळाशी काळी टरफलं पसरलेली होती, उघडी. मधूनच एखाद्यात पांढरट मांस हलत होतं.

"हे जिवंत आहे?"

"नाही. पाण्याने हलतंय."

त्याच आठवड्यात केर्तूने योउकोचा अहवाल सरकारच्या पर्यावरण खात्याला पाठवून दिला. त्याला न विचारता, पण स्वतःच्या नावाने. खाणीचं सांडपाणी थांबवण्याचा हुकूम निघाला. विद्यापीठाने केर्तूला घरी पाठवलं. पण कंपनीने ठपका योउकोवर ठेवला. अहवाल त्याचा, करार त्याने मोडला. उरलेला निधी बंद झाला, रीकाची नेमणूक गेली आणि योउकोचीही. कंपनीने नुकसानभरपाईची धमकी दिलेल्या माणसाला पुढे कुणी दारात उभं करेना. तो गावाकडे परतला आणि शाळेच्या मुलांची टॅक्सी चालवायला लागला.

केर्तू घरी बसून राहिली नाही. अर्ज लिहिणं तिला येत होतं, तेच तिने केलं. खाणीच्या वरच्या अंगाला काही शिंपले अजून असावेत, त्यांची मोजणी व्हावी म्हणून तिने दोन लहान संस्थांकडून एका उन्हाळ्याचा खर्च मिळवला. मग ती योउकोला भेटायला गेली. तो शाळेबाहेर गाडीत बसून डब्यातला काळा पाव खात होता.

"पैसे आहेत, योउको. कुणाची अट नाही. करार मी तीनदा वाचलाय."

"मला विचारलं का नाहीस तेव्हा?"

"तू नाही म्हणाला असतास."

"म्हणालोच असतो. रीकाचं पोर आजारी होतं तेव्हा. आणखी थोडे महिने काढू, मग मीच पाठवीन, असं ठरवलं होतं मी."

"तोवर सगळे मेले असते."

"आता कोण जगलंय?" तो आवाज न चढवता म्हणाला. "तू दोन्ही वेळा माझ्या वतीनं ठरवलंस, केर्तू. आता दुसरा कोणी बघ."

घंटा झाली. मुलं धावत आली, गाडीत कोंबली गेली, आणि तो निघून गेला.

दुसरा कोणी नव्हता. ती नदी जाणणारी माणसं दोनच, आणि रीका तोवर स्वीडनमध्ये मासळीच्या कारखान्यात लागली होती. केर्तूने दोघा-तिघा प्राध्यापकांना फोन केले. सगळ्यांनी आपुलकीने चौकशी केली आणि खाणीचं नाव निघताच वेळ नसल्याचं सांगितलं. उन्हाळा सरला. वरचे शिंपले कुणी मोजले नाहीत. संस्थांची क्षमा मागून केर्तूने पैसे परत केले. मंजूर झालेला निधी परत करायची तिची ही पहिलीच वेळ होती.