इंजिन जिवंत असलेली गाडी आणि बियरचा फ्रिज

तांब्याच्या पत्र्यातून कापलेली चार गॅस्केटं, कापडी वेष्टणाची दोन गाड्यांची अख्खी वायरिंग आणि हातोडीने घडवलेलं एक मडगार्ड. हे सगळं मी स्वतःच्या हातांनी केलंय, कुणी शिकवलं नाही. म्हणून आज जे पाहिलं ते मला कळतं.

सकाळी एक हॉटेलवाला त्याने विकत घ्यायला ठरवलेली गाडी दाखवायला मला गोव्यात पेडण्याजवळच्या काजूबागेत घेऊन गेला. शेडमध्ये पोर्तुगीज काळातली जर्मन गाडी! टायर मातीत रुतलेले, पण कार्ब्युरेटर मूळचा, मीटरची काचसुद्धा मूळची. इंजिन जाम असणार म्हणून हँडल लावलं, तर एका हाताने फिरलं!

बागेचे मालक भाऊ म्हणाले, "दर दसऱ्याक प्लग काढून खोबरेल सोडतंय आणि हँडल मारतंय. बापायन सांगितलेला."

साठ वर्षं. आधी बाप, मग मुलगा.

मी म्हटलं, सहा महिन्यांत रस्त्यावर आणतो. हॉटेलवाला हसला. "मेस्त्री, गाडी चलोवपाची ना. इंजिन काडून उडय, थंय बियरचो फ्रिज बसय. लोकांक फोटो काडपाक जाय." म्हणजे गाडी चालवायचीच नाही, इंजिन फेकून ती हॉटेलात फोटोसाठी ठेवायची.

मग मलाच विका, मी भाऊंना म्हटलं. त्यांनी मान खाली घातली. "इसार घेतलंय रे."

बॉनेट मीच बंद केलं आणि निघून आलो. हॉटेलवाल्याला दुसरा कोणी मेस्त्री मिळेलच, म्हणूनच जास्त संताप होतोय. तुम्ही काय केलं असतं, सांगा.

मी नाही म्हणालो. फक्त इंजिन काढून फ्रिज बसवायचे तो रोख दोन लाख देत होता.