मागाहून ठेवलेलं अंडं

तुमची आई, माझी लेक, तेव्हा परदेशात कोंबडीच्या भ्रूणांवर संशोधन करत होती. एका पत्रात तिने लिहिलं होतं, भ्रूणाच्या हृदयातल्या पेशी काचेच्या बशीत सुट्या ठेवल्या, तर प्रत्येक पेशी आपल्याच चालीने धडधडते. वाढता वाढता त्या एकमेकींना टेकल्या, की सगळ्या एका ठोक्यात येतात. ताल धरून देणारं कोणी लागत नाही, शेजार पुरतो.

शिरूरच्या शाळेत मी आयुष्यभर विज्ञान शिकवलं, पण असं कधी पाहिलं नव्हतं. निवृत्त होऊन मी दौंडला एकटी राहत होते. शेजारच्या मावशींची कोंबडी खुडूक बसली होती. त्यांनी आठवडाभर ज्वारीत जपलेली अकरा अंडी एकाच संध्याकाळी तिच्याखाली मांडली. अंडी विषमच ठेवायची, ही त्यांची पद्धत. मी प्रत्येकावर पेन्सिलीने आकडा घातला आणि तुमच्या आईला तसं कळवलं.

चौथ्या दिवशी अंधाऱ्या मोरीत टॉर्च लावून पाहिलं. दहा अंड्यांत बारीक लाल ठिपका उडत होता. सातवं कोरं होतं. संख्या विषम राहावी म्हणून मी ते काढून ताजं ठेवलं, त्यावरही सात लिहिलं. मावशींना सांगायचं राहून गेलं.

एकविसाव्या दिवशी दहा पिल्लं निघाली. दुसऱ्या सकाळी कोंबडी त्यांना घेऊन उठली, ती परत बसलीच नाही. सातवं टोपलीत उरलं. टॉर्चसमोर धरलं तर आत सावली हलत होती; त्याचे दिवस अजून भरायचे होते.

मी काय केलं ते सांगितल्यावर मावशी म्हणाल्या, "बाई, येवढं शिकलात आन् येवढंबी ठाव न्हाई? समदी एकाच दिशी बसवायची असत्यात. ती काय एकासाठी बसून ऱ्हाणार हाय व्हय?"

मी खोक्यात बल्ब लावला. दुपारी वीज गेली की अंडं पदरात गुंडाळून पोटाशी धरून बसायचे. तिसऱ्या दिवशी सावली हलेना. तरी संध्याकाळपर्यंत मी ते खाली ठेवलं नाही.

रविवारी तुमच्या आईचा फोन आला. तिला दिवस गेले होते; तपासणीत तिने तुमच्यातल्या थोरलीच्या हृदयाचे ठोके पहिल्यांदा ऐकले होते. तिच्याजवळ तिकडे आपलं माणूस कोणी नव्हतं. मग तिने विचारलं, "आई, पिल्लं किती निघाली गं?"

"अकरा," मी म्हणाले.

दहा निघाली होती.