तांब्या काढू नको

कुणाचाही हात हातात आला की मामा आधी कोपराच्या खळग्यात अंगठा दाबून शीर बघायचे. सापडली की म्हणायचे, "ब्येस हाय. सुई एका दमात जाती." एका लग्नात त्यांनी नवरदेवाचाही हात असाच दाबून पाहिला होता.

ते नात्याने माझे मामा नव्हते. कमठाण्यात आमच्या विहाराला लागून त्यांचं घर होतं आणि बिदरच्या एका दवाखान्यात ते वॉर्डबॉय होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. सकाळच्या एकाच बसने आम्ही दोघं बिदरला जायचो. वाटेत ते मला आपली कादंबरी सांगायचे. जुन्या केसपेपरांच्या कोऱ्या पाठीवर लिहिलेली, सुतळीने शिवलेली. विषय रक्त पिणाऱ्या पिशाच्चांचा.

भयकथा मीही भाड्याने आणून वाचत असे. पिशाच्च म्हणजे सुळे, अमावस्या आणि पडका किल्ला, एवढं मला पाठ होतं. मामांच्या पिशाच्चांना मात्र दातच नव्हते.

"दात कामून न्हाईत, मामा?"

"दात लावायचा म्हणल्यावर शिवावं लागतंय की."

"मग पितेत कसं?"

"लोक आपल्या शिरंतून तांब्या भरतेत. पायरीवर ठिवतेत, मागं सरतेत. मग ते येतेत. तांब्यावर पाणी शिंपडतेत आन् पितेत."

"रात्री?"

"रात्री कामून? भितेत व्हय कुणाला? सकाळी येतेत, आंघोळ करून."

कंडक्टर हे रोज ऐकायचा. एकदा त्याने विचारलं, "मामा, तुमची भुतं तिकीट काढतेत का न्हाई?"

"काढतेत की. बसतेत बी पुढच्या शिटावर."

कुणाचीही गोष्ट ऐकली की मामांचा एकच प्रश्न असे, "त्येच्यात पाणी कोण देतंय?" गोष्ट राजाची असो की चंद्रावरची. पाणी कोण कुणाला देतं ते कळलं की त्या जगाचं सगळं कळतं, असं त्यांचं म्हणणं. मला ते खूळ वाटायचं.

मग एकदा त्यांनी वॉर्डातली हकीकत सांगितली. एका रोग्याच्या घरच्यांनी आपली घागर आणून ठेवली होती. झाडताना मामांचा हात तिला लागला. घरच्यांनी सगळं पाणी ओतून दिलं आणि घागर राखेने घासली. दुपारी त्याच रोग्याला रक्त लागलं. मामांचं जुळलं. त्यांनी दिलं.

"बाटली लावताना कुणी बी इचारलं न्हाई, कुणाचं म्हणून. मीच बाटली धरून हुबा होतो. रगत चाललं, पाणी न्हाई." हे सांगून मामा हसले. मला हसता आलं नाही.

कादंबरी छापून यावी ही त्यांची एकच इच्छा होती. उदगीरला एक प्रकाशक असल्याचं कळलं तेव्हा त्यांनी गठ्ठा माझ्या हाती दिला. "तू शिकलेला हायस, बोलणं तू कर. त्येनला काय बी कापू दे. तांब्या काढू नको."

प्रकाशकांनी दहा-बारा पानं वाचली. "कल्पना बरी आहे. पण हे तांब्या, शिंपडणं, वाचक चिडतील हो. सुळे घाला, अमावस्या घाला. लगेच छापतो." मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "हे सगळं तुमच्याकडचंच का?"

माझ्या हातात त्यांनीच दिलेला पाण्याचा पेला होता.

"नाही," मी म्हणालो. "नुसती कल्पना आहे."

आणि पाणी प्यालो.

कॉलेजच्या वाचनालयात बसून मी पक्की प्रत केली. सुळे घातले, अमावस्या घातली, तांब्या काढला. एकदा मामांचं नाव छापून येऊ दे, पुढच्या पुस्तकात तांब्या आणू, अशी माझी मी समजूत घातली. ती अगदीच खोटी नव्हती. पण मी भ्यालो होतो, हेही इथे लिहिलं पाहिजे.

पुस्तक आलं. मुखपृष्ठावर लालभडक दात. मामांनी हात धुतले, पायरीवर बसले आणि उन्हं उतरेपर्यंत वाचत राहिले. शेवटी पुस्तक मिटून म्हणाले, "छपाई ब्येस हाय." थोड्या वेळाने विचारलं, "ह्याच्यात पाणी कोण देतंय रे?"

मी शिवलेला गठ्ठा पुढे केला. त्यांनी घेतला नाही. "राहू दे तुझ्यापाशी. तुझं अक्षर चांगलं हाय."

पुढेही आम्ही त्याच बसने जात होतो. माझ्या परीक्षेचं ते विचारायचे. पण माझी शीर त्यांनी पुन्हा कधी दाबून पाहिली नाही. पुन्हा काही लिहिलंही नाही.

ते गेले तेव्हा मी नोकरीला गुलबर्ग्यात होतो. पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. गठ्ठा अजून माझ्याकडे आहे. तांब्याचं पान कुठेच छापलेलं नाही; वर बसमधल्या बोलण्यात आलं, तेवढंच.

त्या दिवशी मी त्यांच्या पायरीपाशी उभा राहिलो. मामी आतून पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. माझा हात पुढे होईना.

"घे की रे," त्या म्हणाल्या. "किती येळ धरून हुबी राहू?"