मागाच्या पैशांचा हेडफोन

धोंड्याच्या जेवणाला सासुरवाडीत पाटावर बसून मी माझ्या मेव्हण्याला चोर ठरवलं. चूक माझी होती. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढचं सगळं सांगताना माझी लेखणी माझ्याच बाजूने वळायला बघेल. जे झालं त्यात माझा विश्वासघात झालाय, असं मला कित्येक महिने मनापासून वाटत होतं. तो राग खरा होता. फक्त ज्याच्यावर काढला तो माणूस चुकीचा होता.

सोलापुरात आमचा टॉवेलचा कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याची एक शेड आणि तिच्यात चार माग. राहतं घर शेडला लागून, मधे एक भिंत. दहावी झाल्यावर मी मागावर उभा राहिलो आणि केस पांढरे व्हायला लागेपर्यंत तिथेच होतो. मागाचा खडखडाट बाहेरच्या माणसाला सहन होत नाही. आम्हाला तो चालू आहे हेही कळायचं नाही, बंद पडला की कळायचं. शेडमध्ये बोलून उपयोग नसायचा. ओठांवरून आणि हाताच्या खुणांवरून आमचं सगळं चालायचं. धागा तुटला, चहा आला, व्यापारी आलाय, आणि त्या व्यापाऱ्याला घातलेली शिवीसुद्धा.

वडिलांनी एका मागाच्या वर तारेने रेडिओ बांधला होता. तो दिवसभर चालू असायचा आणि दिवसभर कुणाला ऐकू यायचा नाही. पण लाइट गेली की गल्लीतले सगळे माग एकदम थांबायचे, आणि सेलवर चालणाऱ्या त्या रेडिओतलं गाणं मधूनच कुठून तरी सुरू झाल्यासारखं कानावर यायचं. एखादा अंतरा, एखादी तान. कधी नुसती सारंगी. मग लाइट यायची आणि गाणं पुन्हा बुडायचं. मला कितीतरी गाणी अशी मधूनच माहीत आहेत. त्यांची सुरुवात कशी आणि शेवट कसा, ते ठाऊक नाही. वडील नेमके तेव्हाच हिशोबाला बसायचे, म्हणून मी शेडच्या दारात उकिडवा बसून लाइट येऊ नये अशी मनातल्या मनात इच्छा करायचो. धंद्याला बसलेल्या माणसाने अशी इच्छा करणं बरं नव्हे, हे तेव्हाही कळत होतं.

पुढे धंदा बसला. वडील गेले. माग भंगारात घातले आणि मी एमआयडीसीत एका सुताच्या व्यापाऱ्याकडे गोदाम सांभाळायला लागलो. भंगाराच्या पैशातून घराची गळकी गच्ची दुरुस्त केली, मुलीची कॉलेजची फी भरली. जे उरलं त्यातून मला माझ्यासाठी एकच गोष्ट घ्यायची होती. चांगला हेडफोन. अगदी चांगला, ज्यातून एक गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत शांतपणे ऐकता येईल असा. बायकोला विचारताना मला चोरट्यासारखं झालं. ती भाजी निवडत होती. "घ्या की. त्यात काय विचारायचं," एवढंच म्हणाली.

निवड केली तिच्या धाकट्या भावाने. त्याचा अक्कलकोटला मंडप आणि स्पीकरचा धंदा आहे. लग्न असो, सप्ताह असो, तिथला आवाज त्याचा. माल आणायला तो पुण्याला जातो. तो म्हणाला, दाजी, इकडच्या दुकानात बघूच नका, मी स्वतः घेऊन येतो. आणि मग त्याने मला काय काय ऐकू येईल ते सांगितलं. गाणारा श्वास कुठे घेतो ते कळेल. तबल्यावरचं बोट शाईवरून सरकतं त्याचा आवाज येईल. मागे कुणी टाळ धरला असेल तर तो डावीकडे आहे की उजवीकडे, हेही कळेल. मी ते ऐकत राहिलो. माग विकल्याचं दुःख त्या दिवशी पहिल्यांदा कमी झालं.

हेडफोन आला. जड डबा, आत मखमल. रविवारी दुपारी घरातल्या सगळ्यांना बाहेर पाठवून मी तो लावला आणि माझ्या आवडीचं गाणं सुरू केलं, जे मला नेहमी मधूनच ऐकायला मिळायचं ते.

काही झालं नाही. म्हणजे गाणं लागलं. पण ते रजईखालून आल्यासारखं येत होतं. श्वास नाही, बोट नाही, टाळ तर नाहीच. गाण्याचे शब्दही मला नीट लागेनात. फोनसोबत फुकट मिळालेली कानात घालायची वायर होती, ती लावून बघितली. फरक नाही. आवाज वाढवला तर नुसतं कानात दुखायला लागलं. मी ते गाणं संपायच्या आत काढून ठेवलं आणि डबा मांडीवर घेऊन बसून राहिलो. माझ्या वडिलांचे माग त्या डब्यात होते.

नंतरचे दिवस वाईट गेले. तोच हेडफोन घेतलेल्या लोकांनी इंटरनेटवर काय लिहिलंय ते मी गोदामात बसून वाचायचो. डोळ्यांत पाणी आलं, ओळखीच्या गाण्यात नवीन वाद्यं सापडली, असं लोक लिहीत होते. मला वाटलं, हे सगळे खोटं तरी बोलतायत, नाहीतर मला मिळालेली वस्तू ती नव्हेच. गोदामातल्या एका माणसाने पुण्यात हुबेहूब डुप्लिकेट मिळतं म्हणून सांगितलं, आणि माझ्या मनातली जागा भरली. मी मेव्हण्याकडे सहज म्हणून बिल मागितलं. त्याने लगेच फोटो पाठवला. मी बायकोला म्हणालो, बिलं कुठंही करून मिळतात. ती काही बोलली नाही. ती बोललीच नसेल, अशी मला आता खात्री देता येत नाही.

अधिक महिना आला. आमच्याकडे त्या महिन्यात जावई म्हणजे देव. त्याला बोलावून धोंडे खाऊ घालतात, पुरणाचे, तुपात बुडवलेले. त्याला आहेर करतात. त्या दिवशी जावयाला कुणी उलटून बोलत नाही, त्याने मीठ जास्त झालंय म्हटलं तरी सासू हात जोडते. मेव्हण्याने दारातच परातीत माझे पाय धुतले, नवीन टॉवेलने पुसले. मला पाटावर बसवलं. मग कपाळाला गंध लावायला तो वाकला, आणि त्याचा कान माझ्या तोंडाजवळ आला.

मी अगदी हळू बोललो. चारचौघांत अपमान करायचा नाही, एवढं भान मला होतं, असं मी स्वतःला बजावत होतो.

"मला डुप्लिकेट देऊन वरचे पैसे खाल्लेस ना? बाहेरच्यानं फसवलं असतं तर मी काही म्हणालो नसतो. तू घरातला."

त्याचं बोट माझ्या कपाळावर तसंच राहिलं. मग त्याने गंध पूर्ण लावलं, अक्षता लावल्या, आहेराचं ताट माझ्या हातात दिलं आणि मागे सरकला. सासूबाईंनी घाईने तुपाची वाटी पुढे केली. मेव्हण्याची बायको आत गेली. मला वाटलं, बघा, किती सफाईने गिळलं यानं. निर्दोष माणूस दोन शब्द तरी बोलला असता. मी धोंडे खाल्ले. दोनदा वाढून घेतले, हेही लिहितो.

निघताना तो एवढंच म्हणाला, "दाजी, तो डबा माझ्याकडं द्या. दाखवून आणतो." काही दिवसांनी एसटीच्या पार्सलने डबा परत आला. दुकानदाराने तपासून, बदलून नवीन पीस दिलाय, असा निरोप होता. मी लावला. तेच गाणं, तीच रजई. मग तर माझी खात्रीच झाली. तोच पीस पुसून परत पाठवलाय, असं मी बायकोला म्हणालो. एकदा फसवलं ते फसवलं, आता मूर्खही बनवतोय. त्यानंतर त्याचा फोन आला नाही, आणि मला त्यातही त्याचा गुन्हाच दिसला.

दिवाळीत भाऊबीजेला तो दर वर्षी सकाळच्या गाडीने यायचा. त्या वर्षी आला नाही. बायकोने फोन केला तेव्हा लग्नाची ऑर्डर आहे म्हणाला. भाऊबीजेला कुणाचं लग्न असतं, हे तिने त्याला विचारलं नाही आणि मलाही नाही. संध्याकाळी ती ताट घेऊन गच्चीवर गेली. मी मागोमाग गेलो. पश्चिमेला चंद्राची बारीक कोर होती. तिने चंद्राला ओवाळलं. ज्या बाईला भाऊ नसतो ती चंद्राला ओवाळते.

मी कठड्याला टेकून उभा होतो. ती माझ्याकडे पाठ करून उभी होती. बराच वेळ झाला, मग ती वळली आणि तिचा चेहरा बघून मला कळलं की ती माझ्याशी बोलत होती.

"ऐकलं का मी काय म्हणाले?"

मी नाही म्हणालो. तिने ताट खाली ठेवलं.

"मी म्हणाले, त्याला जे बोलायचं ते बाजूला घेऊन बोलायचं होतं. माझ्या आईसमोर, भावजयीसमोर, सगळ्या घराला ऐकवून बोललात. शेजारची बाई दारात आली होती."

"मी त्याच्या कानात बोललो," मी म्हणालो. "माझ्या शेजारी बसलेल्यालासुद्धा ऐकू गेलं नसेल."

ती माझ्याकडे बघत राहिली. राग होता, पण त्याच्यापेक्षा वेगळंही काही होतं. ती म्हणाली, "तुमी ओरडला होता. तुमी रोजच ओरडता. आमाला सवय हाय." मग जरा थांबून म्हणाली, "मी तुमचा हेडफोन लावला होता दुपारी. मागं टाळ वाजतोय. डाव्या बाजूला. किती गोड वाजतोय."

मला वाटलं, भावाला वाचवायला बोलते. तसं मी म्हणालोही. तेव्हा ती वाद घालायला नव्हे, विचारायला म्हणून म्हणाली, "रातकिडे ऐकू येतात का तुमाला आत्ता?"

सोलापुरात आता रातकिडे राहिले नाहीत, सिमेंटने सगळे मारले, असं मी कित्येक वर्षं लोकांना सांगत आलोय. कळवळून सांगत आलोय. तिने हात आजूबाजूला फिरवला, समोरच्या मोकळ्या प्लॉटकडे, टाकीकडे. सगळीकडे होते म्हणे.

कानाच्या डॉक्टरांनी मला काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन दिला आणि आवाज आला की बटण दाबायला सांगितलं. मधे बराच वेळ मशीन बंद पडलं होतं असं मला वाटलं. ते बंद पडलं नव्हतं. बाहेर आल्यावर त्यांनी कागदावरची रेघ दाखवली. आधी सरळ चाललेली, मग विहिरीत उतरावी तशी खाली गेलेली. मी आधी काय काम करायचो हे मी अजून सांगितलं नव्हतं. त्यांनी विचारलं, "टॉवेल की चादर?"

बारीक, टोकदार आवाज सगळे गेलेत, ते परत येणार नाहीत, असं ते म्हणाले. मग इतकी वर्षं भागलं कसं? तर मी माणसांचं बोलणं ओठांवरून वाचत होतो. शेडमध्ये शिकलेलं घरातही चालू राहिलं, मला न कळता. बायको पाठमोरी बोलली की मी तिच्यावर खेकसायचो, तोंडातल्या तोंडात बोलू नको म्हणून. आमच्या गल्लीत सगळेच मोठ्याने बोलतात, म्हणून मी मोठ्याने बोलतो हेही कधी कुणी सांगितलं नाही. आणि हेडफोनमध्ये गाणाऱ्याचा चेहरा नव्हता. त्या वस्तूने मला फसवलं नव्हतं. माझ्याशी पहिल्यांदा कुणी खरं बोललं असेल तर ती वस्तूच.

दवाखान्यातून येताना रिक्षात मला पुन्हा फसवल्यासारखंच वाटत होतं. वडील कानात सुताचे बोळे घालायचे. मला त्यांनी कधी घाल म्हटलेलं आठवत नाही. ज्या मागांनी पोसलं त्यांनी रोज थोडं थोडं काढून घेतलं, आणि जे आधीच गेलं होतं ते ऐकायला मी त्यांच्याच भंगाराचे पैसे घातले. मी कुणावर रागवायचं होतं? वडील नाहीत, माग नाहीत. जो समोर होता, आणि ज्याला त्या दिवशी उलट बोलायची सोय नव्हती, त्याच्यावर मी रागावलो.

पुढच्या रविवारी आम्ही दोघं न कळवता अक्कलकोटला गेलो. सासूबाई चहा ठेवायला उठल्या, त्यांना मी बसा म्हणालो. मेव्हण्याच्या बायकोलाही बोलावून घेतलं. ज्यांनी ज्यांनी ते ऐकलं होतं, त्यांच्यासमोरच बोलायचं मी ठरवलं होतं. मेव्हणा दाराशी केबल गुंडाळत बसला होता. त्याने मान वर केली नाही. मी कागद पुढे केला आणि ती रेघ म्हणजे काय ते सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, जावयानं असं बोलू नये, झालं ते झालं, तुमी चहा घ्या. मी खाली त्याच्यासमोर फरशीवर बसलो. त्याच्या हातातली केबल थांबली.

"मी तुला चोर म्हणालो," मी म्हणालो. "तू पाय धुतलेस आणि मी तुला चोर म्हणालो. तू आणलेली वस्तू खरी होती, दोन्ही वेळा. माझे कान गेलेत, ते मला माहीत नव्हतं. पण कान गेले म्हणून मी तसं बोललो असं नाही. तुझ्यावर संशय घेणं मला सोपं वाटलं, म्हणून बोललो. तुझ्या अक्काची भाऊबीज मी मोडली. माझं चुकलं. मला माफ कर."