मिठाची मूठ

डॉक्टरांनी सांगितलेलं, आईचं मीठ कमी करा. मी बंदच केलं. शाळेत पर्यवेक्षिका म्हणून जन्म काढलेली बाई मी, अर्धवट काही करायचं म्हटलं की माझं डोकं फिरतं. आईचं बीपी वाढलेलं, त्यावर लघवीवाटे पाणी काढणारी गोळी सुरू झालेली. त्यात कुणीतरी मोबाइलवर पाठवलं की भरपूर पाणी प्या. तेही मी लावलं. तांब्या भरून तिच्यासमोर उभी राहायचे, संपेपर्यंत हलायचे नाही. लोणचं, पापड, सुकट सगळं हद्दपार. मिठाची बरणी कपाटात, कुलपात. महिनाभरात बीपी उतरलं तेव्हा मी सगळ्या बिल्डिंगला सांगत फिरलेले. डॉक्टरांनी परत दाखवायला बोलावलेलं, पण सगळं झकास चाललंय तर कशाला जायचं, असं माझं मीच ठरवून टाकलं.

आई ठाण्याच्या खाडीकाठची. तिचं माहेर मिठागरात राबणारं, तीही लहानपणी पायांना भेगा पडेपर्यंत मीठ ओढायची. माझे वडील वागळे इस्टेटमध्ये कामाला होते. ते गेल्यावर ती माझ्याकडे डोंबिवलीला आली. घरात आम्ही दोघीच. समोर येईल ते अळणी जेवण ती मुकाट गिळायची.

एप्रिलमधल्या एका दुपारी ती जेवायला बसली आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत म्हणाली, हिला वाढलं नाहीस. मी विचारलं, कुणाला? ती नुसती हसली. मला वाटलं, ऊन लागलंय. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. एक बाई येते म्हणे, गुडघ्यापर्यंत ओली, पाय पांढरेफटक. बोलत काही नाही, नुसती ताटाकडे बघत बसते. शेजारीण वाटीभर साखर मागायला आल्याचं सांगावं तितक्या सहज आई हे सांगायची.

आठवडाभराने माझ्या लक्षात आलं की पोळ्या आणताना मी त्या खुर्चीला वळसा घालून जाते. माझ्याच घरात. सर्रकन काटा आला अंगावर. माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही, पण ती खुर्ची उचलून आतल्या खोलीत ठेवायची छाती झाली नाही, हे कबूल करते.

आई खंगत चालली. दिवसभर झोप, मळमळ. चहाचा कप तिला उचलवेना, तो मीच तिच्या तोंडाशी धरायचे. एकदा तिने मला विचारलं की तू कोण. मग ती माहेरच्या बोलीत बोलायला लागली, जी मी जन्मात कधी तिच्या तोंडून ऐकली नव्हती.

"तिला मीठ दे गो. कवाधरनं अलनी जेवते ती."

तेव्हाच रिक्षा करून डॉक्टरांकडे न्यायला हवं होतं. पण नेमक्या समोरच्या काकू आल्या, आईकडे बघून म्हणाल्या, हे बाहेरचं दिसतंय, दृष्ट काढ. एरवी मी त्यांना दारातूनच परतवलं असतं. पण माणूस घाबरला की अक्कल गहाण पडते. कुलूप काढलं, मुठीत मीठ, मोहरी आणि दोन सुक्या मिरच्या घेतल्या आणि खाटेवर डोळे मिटून पडलेल्या आईवरून उतरवायला लागले. तिसऱ्या फेऱ्याला तिने माझं मनगट पकडलं. पकड अशी की मी कळवळले. एकेक बोट उलगडून मूठ उघडली गेली, हात ओढला गेला आणि आई माझ्या तळहातावरचं मीठ चाटायला लागली, मोहरीसकट. डोळे तसेच मिटलेले. काकू पळाल्या. मग आईचं अंग ताठ झालं आणि तिला आकडी आली.

हॉस्पिटलात तेच डॉक्टर होते. रक्त तपासायला पाठवून त्यांनी विचारलं, जेवणात मीठ किती असतं? मी अजूनही ताठ मानेनेच सांगितलं, चिमूटभरसुद्धा नाही. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"मी कमी करा म्हटलं होतं. बंद नाही."

रक्तातलं सोडियम तळाला गेलेलं. मीठ नाही, वर तांब्यावर तांबे पाणी आणि उरलंसुरलं बाहेर काढणारी गोळी. त्याने मेंदूला सूज येते, समोर नसलेली माणसं दिसायला लागतात, असं त्यांनी समजावलं. आणि ते भरून काढायचं तेही हळूहळू, घाई झाली तर मेंदूला कायमची इजा. शुद्धीवर आली तरी मला ओळखेलच, याची खात्री ते देईनात. अति तिथे माती, हे मी वर्षानुवर्षं लोकांच्या पोरींना फळ्यावर लिहून दिलेलं. आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर मी ढसाढसा रडले. आईला मी मारत होते, आणि तेही काळजीपोटी.

तिसऱ्या दिवशी आत बोलावलं. आईने मला घरच्या नावाने हाक मारली. तिचा हात धरून मी माफी मागितली. तिचं लक्ष माझ्या मनगटाकडे होतं, तिथे अजून बोटांचे काळेनिळे वण होते. रडू आवरायला मी थट्टा केली, कप उचलवत नव्हता, पण मूठ बरी उघडलीस.

आईने त्या वणांवरून बोट फिरवलं.

"मी कुठे उघडली? माझ्या अंगात होतं काय? तिने उघडली. मला भरवलं."

डॉक्टरांना मी हे सांगितलं. आकडी येण्याआधी स्नायू असे आवळतात, म्हणाले, आणि अशा आजारात आठवणींचा गोंधळ होतो. मला ते पटतं. आता गोळी बदलली आहे, ठरल्या वेळी रक्त तपासतो, पाणी बेताचं, मीठ मोजकं, पण असतं. वाढताना आईच्या ताटात डावीकडे आधी मीठ वाढते. मग समोरच्या खुर्चीपुढे टेबलावर एक चिमूट ठेवते. आई त्याबद्दल काही विचारत नाही. जेवणं झाली की तेवढी जागा मी दुसरीकडे बघत पुसते.